खोंड देऊन घातलेलं नाव

सातारा, ९ सप्टेंबर २०२५

भरत्या,

काल क्षमावाणी झाली. बारा वर्षं तुला ‘कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी’ असं छापील कार्ड पाठवते आहे आणि बारा वर्षं तू गप्प आहेस. बरोबरच आहे तुझं. माझी चूक नकळत झालेली नव्हती, मग छापील कार्डानं कसं भागणार? म्हणून यंदा कार्ड नाही, पत्र. फोन तू ब्लॉक करून ठेवलायस, पोस्टमनला तर ब्लॉक करता येत नाही.

साताऱ्याहून रहिमतपूर पाऊण तासाचं. मागच्या वर्षी मी एकदा आलेही होते. तुझ्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडं, रसवंतीच्या छपराखाली वीस मिनिटं उभी होते. तू मान खाली घालून पंपाच्या मोटारीत तांब्याची तार भरत होतास. मी तुझे हात बघत होते. दुसरं काही बघायला आले नव्हते, खोटं कशाला बोलू. हात स्थिर होते. रस न पिताच पैसे दिले आणि आले तशी परत गेले.

तुझ्या शेजारचे सुभेदार लालासाहेब महिन्यातून एकदा मिलिटरी कॅन्टीनला इकडं येतात. त्यांना चहा पाजून मी तुझी खबर काढते. चिडू नकोस त्यांच्यावर, मीच गळ्यात पडते. ते सांगत होते, कुणी तुला स्थळ आणलं की तू म्हणतोस, ‘आमच्या घरात आजार हाय, माझा भरवसा धरू नका.’ हे ऐकल्यापासून मला चहा गोड लागत नाही.

सुंदरीशी ठरलेलं तुझं लग्न मी मोडलं. सुपारी फुटलेली होती, तारीख धरलेली होती. तिचा भाऊ आला आणि म्हणाला, ‘ताई, तुम्ही डॉक्टर आहात, घरात काही आहे का?’ हसून ‘काही नाही’ म्हणता आलं असतं. निदान ‘त्यालाच विचारा’ तरी म्हणायचं. मी काय केलं, तर त्याच्यासमोर आपल्या घराण्याचा तक्ता उघडला. गोल म्हणजे बाई, चौकोन म्हणजे पुरुष, आजारी माणूस काळा. आदगोंडा आजोबा काळे, आप्पा काळे. आणि तुझा चौकोन मी पेन्सिलीनं निम्मा काळा केलेला, कारण बापाला हा हातापायांचा ताबा घालवणारा आजार असला तर प्रत्येक पोराला निम्मी शक्यता. त्यानं त्या निम्म्या चौकोनावर बोट ठेवलं. चार दिवसांत साडी-नारळ परत आला. माझा गोलही निम्माच काळा होता, पण माझं कोण कुठं लग्न ठरवत होतं.

आता कामाचं. २०१२ साली आपण चौघांनी रक्त दिलं होतं, आप्पांनी, आईनं, तू आणि मी. ते जुने नमुने आम्ही नव्या यंत्रावर परत चालवतोय. माझ्या हाताखालचा सूरज परवा म्हणाला, ‘मॅडम, सतरा नंबर चार नंबरशी जुळत नाही.’ नमुन्यांवर नावं नसतात, त्याला माहीत नाही, पण सतरा म्हणजे तू आणि चार म्हणजे आई. मी म्हटलं, लेबल चुकलं असेल. एकवीस वर्षं मी सातारा-सांगलीच्या चौदा गावांत दारोदार हिंडतेय. तुला आठवतं, पहिल्यांदा माझी साथरोगतज्ज्ञ म्हणून ओळख करून दिली तेव्हा सरपंच घाबरून म्हणाला होता, ‘साथ कुठं आलीया?’ आपल्या आजाराची साथ येत नाही, तो घरातच मुक्कामाला असतो, हे समजावण्यात निम्मी जिंदगी गेली. चारशे बारा माणसांनी माझ्यावर विश्वास ठेवून दंड पुढं केला. त्यातली एक नळी जरी बदलली असेल, तर बाकीच्यांना मी काय तोंड दाखवू?

म्हणून सोबत एक रिकामी नळी पाठवतेय. सकाळी चूळ भरायच्या आधी तिच्यात थुंक आणि परत पाठव. माझ्यावर थुंकायची तुझी इच्छा असेलच, ती अनायासे पुरी होईल.

अक्षराकडं लक्ष देऊ नकोस. पेन नवं आहे, हाताला बसलेलं नाही.

अक्का


सांगली-सातारा एसटीत, २८ सप्टेंबर २०२५

भरत,

हे पत्र टाकायचं की नाही ते ठरलेलं नाही. आधी लिहून तरी काढते. गाडी हादरतेय, म्हणून अक्षर असं.

तुझी नळी मिळाली. सील न फोडता परत धाडलीस, चिठ्ठी नाही की काही नाही. मी म्हटलं, राग अजून ताजा आहे, ठेवू दे. आणि आईकडं गेले. म्हटलं, तिचंच रक्त परत घेऊ, चूक कुठं आहे ते कळेल.

आई सोप्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी तिला समजावलं, ‘आई, भरतची नळी तुझ्या नळीशी जुळत नाही. माझ्या लोकांनी कुठंतरी अदलाबदल केलीय.’ ती वर न बघता म्हणाली, ‘तुज्या लोकास्नी कशाला बोल लावतीस? नळी बराबर हाय.’ आणि पुढची शेंग फोडली.

मला कळायला वेळ लागला. एकवीस वर्षं हेच काम करणाऱ्या बाईला. मी तिच्यासमोर बसले आणि शेंगा फोडायला लागले. मग तीच बोलली. ‘तुज्या आदी दोन गेली, तुज्या मागनं एक गेलं. डाक्टरनं सांगितलं, आता बास. मग सातारकडनं आनला त्येला. तेरा दिसांचा हुता. तुला आजोळी धाडलं हुतं.’

मी विचारलं, ‘कुणाचा?’

‘माजा,’ ती म्हणाली.

मला आठवलं. मी सहा वर्षांची. आजोळहून आले तर पाळण्यात तू. मी तुझ्या तळपायाला बोट लावलं आणि तू पाय झाडलास. आईचं पोट मी कधी बघितलं होतं की नाही, हे मला आयुष्यात कधी सुचलं नाही.

‘मग हेळव्याच्या वंशावळीच्या वहीत त्याचं नाव कसं?’ मी म्हटलं. आई पहिल्यांदा हसली. ‘तुज्या आप्पानं हेळव्याला खोंड दिलं. पांडरंफेक, लय देखनं. आदगोंडाच्या वंशात नाव घालून घेतलं. हेळव्याच्या वहीत गेलं की झालं, मग ते दत्तक न्हाई, पोरगाच.’

बघ भरत, मी केवढी शहाणी. दर तीन-चार वर्षांनी बैल घेऊन हेळवी दारात येतो, सात पिढ्यांची नावं न अडखळता म्हणतो, धान्य-कापड घेऊन जातो. मी माझा पहिला तक्ता त्याच्या वहीवरून काढला आणि परिषदेत मिरवलाही, की सरकारी कागदापेक्षा आमच्या हेळव्याची वही पक्की. वही पक्कीच आहे. पण ती घराण्याची वही, रक्ताची नव्हे. एवढा फरक मी एखाद्या बाईला विचारला असता तर तिनं शेंगा फोडता फोडता सांगितला असता. म्हाताऱ्यांना विचारत चौदा गावं पालथी घातली आणि आपल्या आईला विचारलं नाही.

निघताना तिनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर घेतला. ‘मी हाय तवर तरी त्येला कळू द्यायचं न्हाई. शपथ हाय.’

आणि नुसती तिची शपथ नाही, आमच्या कामाचाही नियम आहे. तपासणीत नातं खोटं निघालं तर ते ज्याचं त्याला सांगायचं नाही. हा नियम मी पोरांना शिकवते. मागं एकदा सांगायचं नव्हतं ते मी सांगितलं आणि तुझं लग्न मोडलं. आता परत तेच.

पण आणखी एक गोष्ट आहे. मी सतरा नंबरच्या निकालाचं कुलूप उघडलं. तू मोटारीत तारेचे वेढे मोजून भरतोस ना, तसं आपल्या रक्तात एका जागी एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. वेढे पस्तिसाच्या आत असले तर काही होत नाही. चाळीस झाले की मोटार जळणार, फक्त कधी तेवढं माहीत नसतं. प्रत्येकाकडं अशी दोन वेटोळी, एक आईकडून, एक बापाकडून. आप्पांचं एक पंचेचाळीसचं होतं. तुझी दोन्ही लहान, सतरा आणि एकोणीस वेढ्यांची. तुला हा आजार होणार नाही. तुला तो कधी होणारच नव्हता.

बारा वर्षं तू सकाळी उठून हात बघत असशील. सुंदरी गेली, स्थळं परत गेली. ती पेन्सिल माझी होती.

आता मला भीती कशाची वाटते ते सांगते. सांगितलं तर तुझी टांगती तलवार जाते, आणि आईही जाते, आप्पाही जातात, मीही जाते. तू म्हणशील, मग मी तुमचा कोण? न सांगितलं तर तू जन्मभर नसलेल्या आजाराची वाट बघत बसशील. कराड आलं. पुढचं सुचत नाही.


सातारा, २३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज

भरत,

मागचं पत्र टाकलं नव्हतं. आज या पत्रासोबत एकाच पाकिटात घालतेय. आधी ते वाच. वाचलंस? मग पुढं.

काल लालासाहेब येऊन गेले. म्हणाले, तुझ्या हातातून परवा तारेला डाग द्यायची तापलेली कांडी पडली आणि तू बराच वेळ हाताकडं बघत बसलास. ते सहज बोलून गेले. मला माहीत आहे तो हाताकडं बघण्याचा वेळ कसा असतो. तू विनाकारण त्यात बसलायस आणि मी शपथ नि नियम कुरवाळत साताऱ्यात. बास झालं. आईची शपथ मी मोडली. तिला काही झालं तर माझ्या माथी. नोकरीवर कुणी बोट ठेवलं तर तेही बघू, नोकरीचंही आता फारसं काही उरलेलं नाही.

ते का, तेही सांगते. पेन नवं नव्हतं. आणि मागचं पत्र एसटीत लिहिलेलं नाही, ‘कराड आलं’ तेही खोटं, सातारा स्टँडवर उतरल्यावर बाकड्यावर बसून लिहिलं. बाकडं हादरत नव्हतं.

चारशे बारा माणसांना मी समजावलं, की तपासायचं की नाही हा तुमचा हक्क, घाई करू नका, सोबत माणूस घेऊन या. आणि माझी स्वतःची नळी, नंबर सोळा, तेरा वर्षं शीतपेटीत तशीच. तुझ्या नळीला खेटून. मी ती कधी तपासणीला लावली नाही. लग्न केलं नाही, पोर होऊ दिलं नाही, पण नळी लावली नाही. लोकांचं जाणून घ्यायला जन्म घातला आणि स्वतःचं जाणायची छाती झाली नाही.

गेल्या उन्हाळ्यापासून सूरज माझ्या टेबलावरचे कप न सांगता उचलायला लागला. भरलेले कपसुद्धा. मी रागावले त्याच्यावर. मग दसऱ्यानंतर एक दिवस म्हटलं, सोळा नंबर लाव. कुणाचा ते सांगितलं नाही. त्यानं आकडा वाचला, ‘मॅडम, त्रेचाळीस,’ आणि मग माझ्या हाताकडं बघितलं. सोबत माणूस घेऊन या म्हणून मी जगाला सांगते, माझ्या सोबत तेवढाच होता.

आप्पांना चव्वेचाळिसाव्या वर्षी सुरू झालं होतं. मी अठ्ठेचाळीस. चार वर्षं जास्तच मिळाली म्हणायची.

हे तुला दया यावी म्हणून लिहीत नाही. उलट भीती वाटते, की तुला वाटेल आता हिला कुणीतरी धरायला हवंय म्हणून आपल्याला गाठतेय. तसं नाही. आता तर तू मला काही लागत नाहीस. उठून आपल्या वाटेनं जा, कुणी नाव ठेवणार नाही. फक्त भिऊ नकोस. कुणी चांगली भेटली तर लग्न कर. बेचाळीस हे काही वय नव्हे.

एक राहिलं. दत्तक माणसाचा चौकोन तक्त्यावर कंसात घालायचा आणि वरच्या पिढीशी रेघ तुटक काढायची, अशी आमची रीत. काल मी तक्ता पुढं घेऊन खोडरबर आणि पेन्सिल घेऊन बसले. माझा हात असा की रेघ आपोआप तुटकच यायला हवी. पण मला ती काढता आली नाही. तासभर बसले आणि तक्ता गुंडाळून ठेवला. चुकीचा आहे, दुरुस्त करायला हवा, एवढी चूक ठेवून मी पुढं काही छापू शकत नाही. तुझ्या परवानगीशिवाय करणार नाही, म्हणून विचारते. हो की नाही एवढंच एका ओळीत कळव.

आज ताट केलं होतं. निरांजन लावलं आणि मग कुणाला ओवाळायचं ते कळेना, म्हणून देवापुढं ठेवलं.

कस्तुरी


रहिमतपूर, ४ नोव्हेंबर

अक्का,

पाकीट मिळालं. दुकानात गिऱ्हाइकं हुती म्हनून तीन डावात वाचलं. खाली कस्तुरी म्हनून सही कशाला केलीस? मला बारा वर्सांचा राग हाय, त्यात ह्यो एक वाढला.

अक्षराचं मला पैल्याच पत्राला कळलं. आप्पा सोसायटीच्या कागदावर शेवटी शेवटी अशीच सही करायचं. नळी परत धाडली ती रागानं न्हवं. मी त्यात थुंकलो असतो तर तुला सगळं कळलं असतं. म्हनून धाडली तशीच. मला काय म्हाईत, तू आईकडं जाशील.

मला ठावं हाय अक्का. अकरा वर्सं झाली.

सुंदरीचं मोडल्यावर डोस्कं फिरलं हुतं. तुज्याशी कसलंच नातं नगं, असं झालं हुतं. हेळवी तवा तासगावच्या अंगाला उतरला हुता. गाडी काढली आनि गेलो. म्हनलं, त्या घरातनं माजं नाव काढ. म्हातारा लय हसला. म्हनला, ‘तुजं नाव घालाया तुज्या आप्पानं खोंड दिलं हुतं. काढाया तू काय देनार?’ मी म्हनलं, खोंड कशापायी? मग त्येनं सांगितलं. म्हनला, बापानं दिलेलं खोंड मी परत करू शकत न्हाई, ते कवाच म्हातारं हून मेलं. मी नाव काढाया गेलो हुतो आनि तसंच ठिवून आलो.

रहिमतपूरचं नाव त्येनंच सांगितलं. म्हनून हितं आलो. ज्या घरातनं मला उचललं म्हनत्यात तितं आता दूध डेअरी हाय. मानसं कुटं गेली कुनालाच ठावं न्हाई. दोन म्हैनं इचारलं, मग इचारायचं सोडलं आनि दुकान टाकलं. कुनाला शोदाया आलो हुतो ते बी इसरलो.

तवाच कळलं, मला ह्यो आजार हुनार न्हाई. तवर सुंदरीला पैलं लेकरू झालं हुतं. तुला फोन लावाया घेतला, लय डाव घेतला. पन तुला सांगितलं म्हंजी तू खोडरबर घेनार, हे मला पक्कं ठावं. तुला खोटं ठेवताच येत न्हाई, ती तुजी खोड. निम्मा काळा हाय तवर मी आप्पांचा. पांडरा झालो की कुनाचा? म्हनून गप ऱ्हायलो. नंबर बी त्यापायीच बंद केला, बोलता बोलता तोंडातनं जाईल म्हनून. तू मातूर समजत ऱ्हाईलीस की राग हाय. राग बी हुताच म्हना.

स्थळांचं म्हनशील, तर आजार सांगितला की मानसं चहा पिऊन गप जात्यात. लय सोयीचं पडतं. सुभेदाराला सांग की कांडी पडली ती बोट भाजलं म्हनून, आनि हाताकडं बगत हुतो ते फोड बगाया. त्येला मिलिटरीची सवय, सगळ्याचा रिपोर्ट देतो.

आईला काय सांगू नगंस. तुजी शपथ मोडली न्हाई, मला आदीच ठावं हुतं.

तुज्या त्रेचाळीसचं वाचलं तवा शटर खाली घेतलं. दुपारी तीनला. लोकं म्हनाली, आज लवकर? आपल्या दोघांत निम्मं निम्मं हाय असं मी अकरा वर्सं मनाला सांगत आलो, आनि ते सगळं तुज्याच वाट्याला. मला कवाच ठावं हुतं की माज्या वाटचं काय न्हाई, तरी तुला एकटीला ठिवलं. माजी चूक बी कळूनच झालेली हाय. तवा ती छापील कार्डं आता पुरं.

ऐतवारी येतो. पयल्या गाडीनं. येताना पेनाला बसवाया तांब्याच्या तारेचं जाड वेटोळं करून आनतो. वजन असलं की हात जरा दबतो, आप्पांच्या चमच्याला मी केलं हुतं, आठवतंय का? कप काचंचं असतील तर काढून ठेव, इस्टीलचं आन. सूरजला सुट्टी दे. निरांजन तेवडं परत लाव.

आनि तू एक वळीत इचारलंस, तर एका वळीत न्हाई. तक्त्याला हात लावायचा न्हाई. कंस नगं, तुटकी रेघ नगं. निम्मा काळा हाय तसा ऱ्हाऊ दे. शास्तराला चुकीचं हाय, मला कळतंय, तुजं छापायचं काय ते दुसऱ्या कागदावर छाप. पन घरातल्या तक्त्यात एवडी एक चूक माज्यासाठी कर. आप्पांनी तिला खोंड मोजलंय.

तुजा भाऊ,
भरत